नवस बापाचा, कंबर लेकीची

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी. मृदंगवाले बुवा, तुम्हीसुद्धा. आज मला एक विचारायचंय, आणि रागानंच विचारायचंय. नवस आपण बोलायचा आणि तो फेडायचा लेकरानं, स्वतःच्या हाडांनी — हा कुठला धर्म? कुठल्या देवानं सांगितला? सांगा की! बरं, मग ऐका.

एका गावात मारुतराव काळेल नावाचे गृहस्थ. भैरोबाचे भक्त, गावच्या ढोलपथकाचे म्होरके. लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा हलेना. तेव्हा हे देवापुढं बोलून बसले — "देवा, मूल दे. दहाव्या वर्षी ते तुझ्या पालखीपुढं ढोल वाजवील, वेशीपासून देवळापर्यंत." बघा हां! जे जन्मलंच नाही, त्याची कंबर देऊन मोकळे! मी उपास धरीन, नाही. मी तंबाखू सोडीन, नाही! तंबाखू कशी सुटायची?

देवानं मुलगी दिली. वेदिका. चुणचुणीत पोर. तिला दहावं लागलं आणि यात्रेच्या दोन महिने आधी बापानं तिच्या कमरेला ढोल बांधला. छोटा असेल म्हणता? छे! "देवापुढं खेळणं वाजवायचं काय?" असं म्हणून मोठ्या माणसाचा ढोल! रोज संध्याकाळी सराव. ढोल पुढं ओढतोय, पोर मागं वाकतीय आणि तशीच वाजवतीय.

एक दिवस म्हणाली, "आप्पा, कंबर दुखतीय."

"वाढत्या अंगाला दुखतंच. आम्ही तुझ्या वयात पोती उचलायचो."

उचलायचात ना! म्हणून तर आता पाटावरनं उठताना दोघांचा हात लागतो! हसताय काय? तुम्हीही घरी हेच सांगता.

तिची आई, कल्पनाबाई, म्हणाली, "डॉक्टरला दाखवू या."

"यात्रा होऊ दे. नवस मोडला तर देव कोपेल."

आणि काय केलं या भक्तानं? पोरीच्या कमरेला अंगारा चोळला, वर जुनं लुगडं आवळून बांधलं, आणि त्यावर पुन्हा ढोल! अहो, अंगारा कपाळाला लावतात. दुखऱ्या हाडाला विश्रांती लागते, एवढं सांगायला काय भैरोबानं डोंगर उतरून यायचं?

यात्रेचा दिवस. पालखी निघाली, पुढं वेदिका. गुलाल उडतोय, लोक मोबाईल उंच धरून उभे — "काय वाजवतीय पोरगी!" पोरीचे ओठ पांढरे पडलेत, हे कुणाला दिसलं? एकट्या आईला. पिंपळाच्या पारापाशी पोर वाकली ती सरळच होईना. रडली नाही. हळूच म्हणाली, "आई, देवाला सांग ना, मला नाही जमत."

कल्पनाबाई पालखीला आडवी झाली. लेकीच्या कमरेचा ढोल सोडला आणि नवऱ्यापुढं धरला.

"नवस तुम्ही बोललात. तुम्ही वाजवा."

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत. देवही बघतोय."

मारुतरावांनी ढोल बांधला. काय करतात! देवळाच्या अर्ध्या चढावर हा गडी थांबला, हात कमरेवर. मागं वळून बघतो तर लेक आईच्या मांडीवर आडवी. ढोल तिथंच उतरवला. पालखी देवळात गेली, देव कोपला नाही. बाप मात्र लेकीला घेऊन तालुक्याला गेला.

डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, "मणक्याच्या हाडाला बारीक चीर गेलीय. हाड अजून वाढतंय, त्यावर रोज तोच ताण पडला. पट्टा, विश्रांती, मग हळूहळू व्यायाम. भरून येईल बहुतेक. पण दुखतंय म्हणाली तेव्हाच का नाही आणलंत?"

सांगा आता, नवस होता म्हणून!

आता तुमच्याकडं येतो. दादा, मान खाली घालू नका. तुम्ही भैरोबाला नसेल बोललात. पण तुम्हाला पदक पाहिजे, बाईंना नाचाचं बक्षीस पाहिजे, आजोबांना घरात पैलवान पाहिजे. हे नवसच की! फेडतंय कोण? पोरांना खेळू द्या, उन्हात हुंदडू द्या, दूध-नाचणी पोटात जाऊ द्या, त्यानं हाडं बळ धरतात. पण दुखतंय म्हणालं लेकरू, की थांबा. ते एकदा सांगतं, दोनदा सांगतं. तरी आपण ऐकलं नाही, की सांगायचं सोडून देतं. आणि आपण चारचौघांत म्हणतो, "बघा, दुखायचं थांबलं."