आपल्या दारात आपला माणूस

—नको, तिथं नका बसू भागवतदादा. खुर्ची आणलीय ना, खुर्चीवर बसा. उंबऱ्यापाशी असं खाली, भिंतीला टेकून — आणि ती टोपी कशाला काढली? गुडघ्यावर कशाला ठेवली? असू द्या ना डोक्यावर. नाही, रागावले नाही. गावचा सरपंच आपली मिरवणूक पुलावर सोडून माझ्या दारात येतो, मी कोण रागावणारी? हळू बोलू नका, दादा. पोरगी झोपलेली नाही. डोळे मिटलेत नुसते, झोप वेगळी असते. सकाळपास्नं पोटात काही ठरत नाही, चमचाभर पाणी दिलं की ओकते, खालचं तर विचारूच नका — आणि आता रडायची पण थांबली. मघा रडत होती तर मी म्हणत होते, गप गं सृष्टी, गप. आता म्हणते, रड गं माय, एकदा तरी रड.

चहा? चहा नको म्हणायलात — बरं. मी विचारलाच नव्हता खरं तर.

हे बघा, अँब्युलन्स आलीय. झरी गावाच्या बाजूनं आली, ओढ्याच्या पलीकडं उभी आहे, तिचा भोंगा येतो मधून मधून — हा बघा — नाही, हा तुमचा डीजे. सारंग पळत पुढं गेलेत, म्हणाले, राजेश्री, तू पोरीला घेऊन त्या गर्दीत शिरू नको, चेंगरून जाल दोघी, मी रस्ता करतो. सारंग काय रस्ता करणार? नवरा आहे माझा, मला ठाऊक आहे, ते रांगेतसुद्धा मागच्याला पुढं जाऊ देतात. पुलावर तुमची पोरं नाचायलीत, तुमच्या जीपा आडव्या लागल्यात. म्हणून म्हणते, तुमी एक आवाज द्या. एकच. — हां, फोन केलात, माझ्यासमोरच केलात. काय म्हणालात? “पोरं हो, जमलं तर जरा बाजूला घ्या, पण कुणाचं मन मोडू नका.” मन मोडू नका! आणि वर मला म्हणता, प्रचाराचा शेवटचा दिवस हाय, पोरं रंगात हायत, राजेश्री, समजून घे. घेतलं की. मला सगळ्यांचं सगळं समजतं, दादा, हेच तर माझं दुखणं आहे.

ऐका, ऐका, पुन्हा लावलं — “आपल्या दारात, आपला माणूस!” — ओळ कुणाची, आठवतं ना? मागच्या निवडणुकीला तुमी ह्याच ओसरीवर येऊन म्हणालात, तू शिकलेली हायस, दोन ओळी लिहून दे. ही मांडीवर होती, महिन्या-दीड महिन्याची. एका हातानं थोपटत दुसऱ्या हातानं लिहिली. आणि अशी खूश झाले होते म्हणता, जसं काही मीच निवडून आले. आता ती भिंत हलवायलीय, पोरीच्या कानावर आदळायलीय, आणि मी कानावर हात ठेवायलेय तिच्या. पण ओळ काही खोटी नाही. आलात की दारात. मी म्हटलं तसंच झालं, अक्षरसुद्धा चुकलं नाही.

हेमाबाई आल्या होत्या सकाळी. हो, तुमच्या विरोधातल्याच, दुसऱ्या कोणत्या हेमाबाई आहेत गावात? बसल्या नाहीत. स्कूटी बंदसुद्धा केली नाही. पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली — ती तशीच उभी राहिली, दादा, कणकेसारखी — आणि म्हणाल्या, “मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाज, ओकली तरी पाज. गाडी मी बोलावते. परभणीला ने. वाट बघत बसू नको.” झालं. ‘घाबरू नको’ नाही, ‘मी आहे’ नाही, पाठीवर हात नाही. मागच्या गल्लीत अजून दोन लेकरं आहेत म्हणाल्या आणि गेल्या. आणि मला काय वाटलं सांगू? मला राग आला. पोरगी मांडीवर अशी पडलेली आणि मी मनात म्हणते, काय बाई आहे, दोन शब्द गोड बोलली असती तर हिचं काय गेलं असतं! आहे ना कमाल माझी?

अगोदरपास्नंच मला त्यांचा धाक. पाणीपुरवठ्यात साहेब होत्या म्हणे, गावात परत आल्या आणि सरपंच झाल्या. सृष्टी झाली तेव्हा त्या आल्या होत्या, आणि तुमीही आला होता, एकाच आठवड्यात. त्यांनी लेकराला उचललं, हातात तोलल्यासारखं केलं, म्हणाल्या, “वजन कमी आहे. ही घुटी कोण देतंय? बंद करा.” माझ्या आईसमोर! आणि तुमी — तुमी काय केलंत? लेकराच्या मुठीत आपलं बोट दिलं आणि म्हणालात, “आईवर गेली, लय हुशार निघणार.” मला रडू आलं होतं. मत तर मी तिथंच दिलं तुमाला, मशीन नंतर आलं. माझ्यासारखाच माणूस, म्हटलं. आपल्यासारखं भितो, आपल्यासारखं चुकतो, जेवायला वाढलं तर दुसरी भाकर मागून घेतो. त्या बाईपुढं उभं राहिलं की आपण नापास झाल्यासारखं वाटायचं. परीक्षा घेणारीला कोण मत देतं?

वजन कमीच होतं, दादा. घुटी बंद केल्यावर भरलं. हे मी कुणाला सांगितलं नाही.

आणि पाणी. पाण्याचं तुमाला म्हणायचंच नव्हतं, पण — त्या सरपंच असताना टाकीत पावडर टाकायला स्वतः चढायच्या, रोज, शिपायावर सोडायच्या नाहीत. पाण्याला वास यायचा. आमी सगळ्या बायका गेलो होतो तक्रार घेऊन, मी सगळ्यात पुढं, कारण मला बोलता येतं. त्या म्हणाल्या, “वास येतो ते पाणी चांगलं. यायचा बंद झाला तर माझ्याकडं या.” आमी हसलो होतो वाटेनं. नंतर तुमी आलात. तुमी ऐकलंत आमचं. वरणाला वास येतो म्हटलं, पावडर कमी केली. चहाला येतो म्हटलं, अजून कमी केली. पाणी असं गोड झालं की पाहुणे म्हणायचे, काय तुमच्या गावचं पाणी! आणि कुणी गेलं का हेमाबाईंकडं, वास बंद झाला म्हणून? मी बीएस्सी आहे, दादा. केमिस्ट्री घेऊन. झोपेतून उठवून विचारा, क्लोरीन काय करतं पाण्यात. मला नव्हतं का कळत? कळत होतं. पण गोड लागत होतं.

नाही, तुमच्यावर नाही ढकलत. तुमी आमचं ऐकलंत. आमीच मागितलं ते तुमी दिलं — आता ह्याला वाईट कसं म्हणू? आपल्यासारखा माणूस निवडला, तो आपल्यासारखाच वागला. आपल्याला न कळणारं त्याला कळावं कुठून? आणि कळलं तरी आपल्याला नाही म्हणण्याची ताकद कुठून आणावी? ती तर आपल्यातही नाही! पण मग तिकडून बघते तर — त्या बाई एवढ्या हुशार, आणि एकदा सुद्धा, एकदा सुद्धा कुणाच्या दारात टेकल्या नाहीत. आमच्या मामंजींची माती झाली तेव्हा त्या आल्याच नव्हत्या. तुमी आला होतात. तेरा दिवस रोज. असंच, उंबऱ्यापाशी, भिंतीला टेकून, टोपी गुडघ्यावर — अगदी असंच — चहा नको म्हणून — आणि जाताना ‘येतो’ न म्हणता उठून जायचात, कारण तसल्या दारातून ‘येतो’ म्हणायचं नसतं—

उठा दादा.

उठा. आत्ताच्या आत्ता उठा. माझ्या दारात असं बसू नका तुमी. काही झालेलं नाही इथं. पोरगी आहे. हा बघा हात — गार आहे, पण आहे, बोट धरते ती — धर गं सृष्टी, आईचं बोट धर — धरलं. बघितलं? बसायचं असेल ना तर पुलावर जाऊन बसा, त्या जीपेवर चढा, तो माईक घ्या हातात आणि ओरडा. हात जोडू नका. हसू नका. ‘पोरं हो’ करू नका. जन्मात एकदा कुणाचं तरी मन मोडा! रागावतील? रागावू द्या. मतं जातील? जातील की. माझं नाही जाणार — हे बघा, हेही बोलून गेले — माझं नाही जाणार, कारण परवा मी तिथं उभी राहीन आणि मला त्या बाईचा चेहरा आठवेल आणि तुमचा आठवेल, आणि माझ्या बोटाचा मला भरवसा नाही. एवढं होऊनसुद्धा नाही. म्हणून आजच तुमी थोडे वेगळे व्हा, दादा. अर्धा घंटा. आपला माणूस नका होऊ, कुणी तरी मोठे व्हा, मग परत या, मग जेवा पोटभर, मी वाढते.

हां. उठलात. टोपी घाला. मी आलेच मागून, हिला खांद्यावर घेते — माझी फिकीर नका करू, तुमी पुढं व्हा, पळा. पळा हो, चालू नका—

दादा.

अहो दादा, असं नका जाऊ. काही तरी बोलून जा. मागं वळा. ‘येतो’ म्हणा — ऐकू येतंय ना? — अहो, ‘येतो’ म्हणून जा!