संकेतस्थळातलं उणं

मंडळी, ऐका! आज देवासमोर एक साधा प्रश्न ठेवतो. लग्न जुळवणारा मध्यस्थ जर मुलाकडूनच आहेर घेत असेल, तर तो मुलीच्या बापाला मुलाबद्दल सगळं खरं सांगेल का? हसलात! म्हणजे उत्तर ठाऊक आहे. बरं, मग दुसरा प्रश्न. मोबाइलवर बातमी येते — ‘घर घ्यायची हीच वेळ!’ आणि त्याच बातमीच्या खाली हिरवं बटण — ‘कर्जासाठी इथे दाबा!’ ती बातमी निःपक्षपाती म्हणायची का? आता का गप्प? पहिल्या रांगेतले काका तर चष्मा पुसायला लागले! बुक केला वाटतं फ्लॅट!

असो. पुण्यात केतकी नावाची मुलगी. गुणी, हसरी, पण डाव्या कानानं लहानपणापासून कमी ऐकू यायचं. आई लवकर गेली, म्हणून फलटणला मालनमावशीच्या पदराखाली वाढली. आणि ही मावशी कोण? अख्ख्या गावाची लग्नं जुळवणारी! एक पै घेत नसे. फार तर खण-नारळ. पण तिचा एक नेम होता. स्थळाचे गुण सांगून झाले, की पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत एक उणं सांगायचंच! “मुलगा सोन्यासारखा आहे हो, पण घोरतो. भिंत हलते!” मुलाची आई लाल! पण गाव म्हणायचं — मालनताईंनी उणं सांगितलं ना, मग बाकीचं डोळे मिटून घ्या.

तर केतकीला नोकरी लागली. कुठे? पैशापाण्याच्या बातम्या देणाऱ्या एका संकेतस्थळावर. नाव कशाला घ्या! मावशीला फोनवर सांगितलं, तर मावशीनं ऐकलं तेवढंच — स्थळ! “म्हणजे तूही स्थळंच बघतेस की गं! घराण्याचं नाव राखलंस!” केतकी इतकी हसली, की समजावून सांगायचं राहूनच गेलं.

आता पुढे ऐका. एकदा केतकीनं बातमी लिहिली घरांच्या बाजाराची. कर्जाचं व्याज जरा उतरलंय, हे लिहिलं. भाव टिकून आहेत, हे लिहिलं. आणि शेवटी हेही लिहिलं, की विक्री मंदावली आहे, बरेच फ्लॅट पडून आहेत, आणि नव्या इमारतींत ताबा मिळायला लोक ताटकळताहेत. संपादकांनी वाचलं. म्हणाले, “छान! फक्त हे शेवटचं काढू.”

“सर, पण ते खरं आहे.”

“वरचंही खरंच आहे ना? आपण खोटं कुठे लिहितोय? हे वाचून बटण कोण दाबणार, केतकी? बँक कमिशन देते, त्यातून आपले पगार होतात.”

माणूस वाईट नव्हता हो. त्याच्याही घराचा हप्ता होताच! केतकी ‘बरं सर’ म्हणाली. बातमी गेली. खोटं एक अक्षर नाही — आणि खरं अर्धंच! वर मथळा काय? ‘घर घ्यायची हीच वेळ!’ अहो, मुहूर्त काढायला हे काय गुरुजी लागून गेले?

दोन दिवसांनी फोन. मावशी! आवाजात नुसता आनंद. “केतू, तुझी बातमी वाचली गं. शेजारच्या सरांकडून मोठ्यानं वाचून घेतली, मग स्वतः वाचली. उणं शोधत होते, सापडलंच नाही! तू लिहिलंयस म्हणजे नसणारच. मी ठरवलं. इथलं घर विकते. गिऱ्हाईक दारात आहे. तुझ्या घराजवळ नवी इमारत उठतेय ना, तिथं एक खोली घेते. सोमवारी टोकन देऊन टाकते. आता म्हातारपण तुझ्याजवळ!”

मंडळी, केतकीनं काय करावं? सांगावं की नाही? सांगावं! तुम्ही इथं बसून लगेच म्हणालात. पण तिच्या जागी बसून बघा! ज्या माऊलीनं वाढवलं, ती जवळ येणार. संध्याकाळी तिच्या हातची आमटी मिळणार. केतकीच्या ओठांवर खरं आलं, आणि बाहेर काय पडलं? “ये गं मावशी. लवकर ये.” फोन ठेवला आणि ती आनंदानं रडली. संपादकांना कमिशन हवं होतं, हिला मावशी हवी होती. बटण दोघांनीही लावलं होतं, बाबांनो! हिचं मायेचं होतं, एवढाच फरक.

पण घास गोड लागेना. कानात एकच वाक्य. ‘तू लिहिलंयस म्हणजे उणं नसणारच.’ आणि तिला तिचाच बघण्याचा कार्यक्रम आठवला. समोर पुष्कर, म्हणजे आताचा तिचा नवरा, त्याचे आईवडील, पोह्यांच्या बश्या. मावशीला हे स्थळ इतकं आवडलेलं, की देव पाण्यात घालून बसली होती. तरी तिनं पदर सावरला आणि म्हणाली, “मुलीला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. आधी सांगते.” केतकीला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. तेव्हा तो पुष्कर काय बोलला? “मग मी उजव्या बाजूनं चालत जाईन.” आजतागायत तो तिच्या उजवीकडूनच चालतो हो!

केतकीनं रविवारी सकाळची एसटी पकडली. फलटणला दारात उभी. मावशीनं हरखून पोहे टाकले, बशी हातात दिली आणि सवयीनं तिच्या उजवीकडे बसली. केतकीनं पहिला घास घेतला नाही.

“मावशी, बशी रिकामी व्हायच्या आत सांगते. त्या बातमीत उणं होतं. मी लिहिलं होतं. ते काढलं, आणि मी काढू दिलं.” मग सगळं सांगितलं. पडून असलेले फ्लॅट, लांबलेला ताबा, कमिशन. “हातातलं घर विकून बसशील आणि नवं मिळेपर्यंत कुठे जाशील? आणि अजून एक. तू फोन केलास तेव्हाही मी गप्प बसले. मला तू जवळ हवी होतीस.”

मावशीनं गॅस उगाच लावला, पुन्हा बंद केला. मग जवळ सरकली.

“वेडाबाई, पक्ष कुणाला नसतो? तुझ्या लग्नात मी काय मधली होते? मुलीकडचीच होते की! पक्ष असावा गं. पण तो पदराखाली झाकून ठेवू नये.” आणि डोळे पुसत म्हणाली, “घर नाही विकत. कुलूप लावून येते तुझ्याकडे, चार महिने. चालेल?”

केतकी हसायलाही लागली, रडायलाही. “ये. पण उणं ऐक. स्वयंपाकघर एवढंसं आहे. आणि पुष्कर घोरतो!”

“माझंही ऐक,” मावशी म्हणाली, “मी त्याच्याहून घोरते!”

बातमीचं काय झालं म्हणता? केतकीनं संपादकांना सांगितलं — ते शेवटचं छापा, नाहीतर माझं नाव काढा. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि तिचं नाव काढलं, बातमीवरूनही आणि पगाराच्या यादीतूनही! जगात सगळं गोड होत नसतं, मंडळी. नवी नोकरी शोधताना तिच्या उजव्या हाताला पुष्कर होता आणि घरी आमटी उकळत होती, एवढं खरं.

तेव्हा घरी जाल, मोबाइल उघडाल, ‘हीच वेळ’ असं वाचाल, तेव्हा मालनमावशीला आठवा. यात उणं कुठंय? सापडलं नाही तर दुसऱ्या कानानंही ऐका, दुसऱ्या चारचौघांना विचारा. आणि हो! लेकीला, सुनेला, भावाला तुम्ही स्वतः सल्ला देता, त्यात तुमचं काय दडलंय, ते सांगता का हो? मान खाली घालू नका, मला दिसतंय!

आता आरतीचं ताट फिरेल. त्यातलं अर्धं देवळाचं, अर्धं माझं. हे माझं उणं, ताट तुमच्यापर्यंत यायच्या आत सांगितलं. आता हात जोडा, आणि देवाला तुमचं एक तरी खरं उणं सांगा.