दुसरी फेरी नको

पनवेल एसटी स्टँडवर उरणच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे एक मॅडम आणि त्यांचे सहकारी उभे होते. दोघांच्याही गळ्यात कॉलेजच्या शिष्यवृत्ती कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचं ओळखपत्र होतं, आणि मॅडमच्या हातात बक्षिसाचा छोटा कप.

"मॅडम, सकाळी ट्रेनिंगच्या नाटुकल्यात तुमी त्या पोरीचं काम काय केलंत. सायबांचे डोले भरून आले."

"रोज ऑफिसच्या खिडकीतून अशा पोरी बघते ना, परेश."

"सायेब बोलले तेपन खरं हाय. पोरांना दुसरी फेरी मारायला लावायची नाय."

"मी तर वहीत लाल पेननं लिहून घेतलंय. थांब हं, फोन आलाय. हॅलो. बोल, मनस्वी. हो, खिडकी बंदच असणार, आम्ही दोघंही ट्रेनिंगला आलोय. स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख आजच आहे, ठाऊक आहे मला. पण कॉलेजची मंजुरी माझ्याच लॉगिननं जाते, आणि तो कॉम्प्युटर तिकडे. आता पुढच्या वर्षी भर. रडू नकोस, सोमवारी येऊन भेट."

"कोन होती?"

"सेकंड इयरची. चौथी फेरी तिची."

"मंग?"

"मग काय. सकाळी हिचंच तर काम केलं मी."