घरात पाणी आलं

वाशीच्या विमा कचेरीत रांगेत माझ्यापुढे एक बाई होत्या. काउंटरवरच्या कारकुनाने त्यांचा अर्ज त्यांच्याकडे परत सरकवला.

"दुर्गाबाई, नुकसानीचं कारण तुम्ही लिहिलंय, 'घरात पाणी आलं.'"

"आलंच होतं, साहेब."

"आमच्या मॅनेजरांना वाटलं, नळाला आलं. वाशीत ती आनंदाची बातमी. तिची भरपाई देत नाहीत."

"अवो, नळाला कसलं येतंय? स्लॅबमधून आलं! वरच्या मजल्यावर नूरजहाँभाभींचा पाईप फुटला. सगळ्या गाद्या भिजल्या. रेडिओ लावला तर बातम्यांच्या आधी पाणी बाहेर."

"मग 'पाईप फुटला' असं लिहा. फुटलेला पाईप पॉलिसीत आहे."

"हे घ्या, लिवलं. आता परत महिनाभर थांबू? पोरं फरशीवर झोपतायत."

"थांबायचं कशाला? सर्व्हेअरनेही पाईपच लिहिलाय. झाला तुमचा क्लेम मंजूर."

"खरंच? सुटले बाई!"

"त्या भाभींनाही सांगा. त्यांचंही टेन्शन जाईल."

"सांगते की. बिचारी लाजेपायी रोज आमच्या घरी डबा पाठवते."

"मग आजच सांगा."

"सोमवारी सांगते. रविवारी कोळंबीचा पुलाव असतो."