वरच्या मुक्या पट्ट्या

— नाही नाही मिस्त्री, खालच्या पट्ट्यांना हात लावू नका, त्या ठणठणीत आहेत — रोग आहे तो उजव्या टोकाला. शेवटच्या वीतभर पट्ट्या. दाबल्या की दबतात, पण आवाज नाही. मुक्या! वापरलेला सिंथेसायझर, पडेल भावात मिळाला — बैल घेताना दात बघावेत, मी नुसता रंग बघितला. काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला हो, तुम्ही कारागीर लोक तोंडातल्या तोंडात बोलता.

माझा कान म्हणजे काय चेष्टा वाटली? उभा जन्म पियानोच्या तारा ओढण्यात गेला. एका घरी सूर जुळवत होतो — मध्येच म्हटलं, वहिनी, तिसऱ्या मजल्यावर नळ गळतोय, आणि कोमल गळतोय. धावत गेल्या. गळत होता! डासातला नर कुठला, मादी कुठली, दिवा न लावता सांगायचो मी. हसताय? हसा, माझी बायकोसुद्धा हसते. मग असल्या कानाला हे खेळणं कशाला, असंच ना? अहो, तारा उन्हानं ढिल्या पडतात, थंडीनं आवळतात, ह्याचा सूर हलत नाही. वाण्याजवळ वजन असतं ना, तसं हे माझं माप — कामाला निघालो की काखेत मारतो.

तर ह्या मापानंच घात केला. संगीतशाळेचा पियानो जुळवायला बसलो. वरचा सूर घ्यायला ह्याची पट्टी दाबली — गप्प. बरं, म्हटलं, तारेवरूनच अंदाज घेऊ — तर तारही गप्प. म्हणजे — पियानोही जुनाच आहे म्हणा तो. थोडी ओढली. गप्प. आणखी ओढली. तुटली. मग शेजारचीही तुटली. पोरं खिडकीतून बघत होती. शाळेच्या मोठ्या बाई दुपारी इथं माझ्या घरी येणारायत, त्यांना तुम्ही एवढंच सांगायचं — यंत्र बिघडलं होतं. बस. तुमचा शब्द चालतो बाजारात. ती शाळा गेली तर माझ्याकडं दुसरं गिऱ्हाईक नाही हो. तारांचे पियानो ठेवतंय कोण आता, सगळ्यांना ही भिंतीत खुपसायची यंत्रं हवीत. आणि असली यंत्रं! आधीची दोन मी दुकानदाराच्या अंगावर परत टाकली. हे तिसरं. तिघांनाही हाच रोग, ह्याच पट्ट्यांना — असं काय बघताय माझ्याकडे?

जोडलंत सगळं? वाजवा. खालून — हां. हां. मध्ये — हां, इथवर झकास. आता वर जा. जा ना. गेलात? बोटं चालतायत तुमची, दिसतंय की मला. बघा! म्हटलं नव्हतं? आवाज वाढवा. पूर्ण. वाढवलात? तरी ठणठण गोपाळ! आता तुम्हीच सांगा बाईंना —

मागं काय बघताय?

— अगं, तू कधी उठलीस? ही माझी नात, लेकीची. अजून धड उभं राहता येत नाही आणि गिरक्या काय घेतेय बघा, पडशील गं! कशावर नाचतेय ही? मिस्त्री, तुम्ही का थांबलात? — तीही थांबली. वाजवा परत. तीच पट्टी. हां, त्याच्या वरची. आणखी वरची.

टाळ्या वाजवतेय.

— वायर काढा. नाही, झाकण लावू नका, राहू दे. बाईंना काही सांगायचं नाही, माझं मी बघतो. अगं, रडू नको, काका दमलेत — मिस्त्री, या तुम्ही आता. नाही, काही बोलू नका. या.