शीळवाल्या बाई

काका : माइक बंद केलास ना? मग खुर्ची ओढ, अशी जवळ बस. एक गोष्ट सांगतो, गाणं संपायच्या आत ऐकून घे.

निवेदिका : चारच मिनिटांचं आहे, काका. पाल्हाळ नको.

काका : तीस वर्षं ‘आजच्या दिवशी’ कार्यक्रमाची कार्डं मी लिहितोय. ध्वनिमुद्रणाची तारीख निळ्या शाईत, निधनाची लाल.

निवेदिका : माहितीय की. लाल दिसली म्हणून तर गाण्याआधी वाचलं, या गाण्यात शीळ घालणाऱ्या बाई आजच्याच दिवशी गेल्या.

काका : गेल्या नाहीत गं. आजच्या तारखेला गाणं मुद्रित झालं होतं. परवा जुनी कार्डं नव्यावर उतरवताना निळं पेन संपलं. म्हटलं, एवढं एक लालनं लिहू, उद्या बदलू. राहिलं.

निवेदिका : म्हणजे जिवंत माणसाला मी...

काका : तू नाही, मी. आणि त्या रोज ऐकतात आपल्याला. एकट्याच असतात. गेल्या महिन्यात छातीचं दुखणं काढलंय त्यांनी. देवा, काय करवून घेतलंस हे माझ्याकडून.

निवेदिका : देवाशी नंतर बोला. फोन लावलात?

काका : दोनदा. उचलत नाहीत. त्यांची भाची खालच्या मजल्यावर राहते, हा तिचा नंबर. तू लाव.

निवेदिका : द्या इकडे... हॅलो, रेडिओवरून बोलतेय. मावशी कशा आहेत?... हो, चूक आमचीच... बरं. बरं, ठेवते.

काका : काय म्हणाली भाची?

निवेदिका : ठीक आहेत. भाची धावत वर गेली, तर मावशी रेडिओला कान लावून. फोन वाजतोय म्हटलं, तर म्हणाल्या, वाजू दे, शीळ यायचीय.

काका : रागावल्यात?

निवेदिका : नाही. म्हणाल्या, “पन्नास वर्षं गाणं वाजतंय, माझं नाव आज पहिल्यांदा घेतलं. मेल्याशिवाय घेत नसतील.”

काका : खरंय त्यांचं. जुन्या कार्डावर नुसतं ‘शीळ’ लिहिलं होतं, मीच. नाव परवा शोधून घातलं. भजनातला मागच्या रांगेतला गळा देवाला ऐकू जातो, आपल्यालाच जात नाही.

निवेदिका : वीस सेकंद राहिलेत. काय सांगू?

काका : चूक कुणाची ते सांग आधी. मग तुला सुचेल ते.

निवेदिका : (माइक उघडून) श्रोतेहो, मघाशी आमच्याकडून चुकीचं सांगितलं गेलं. ज्यांचं नाव घेतलं, त्या शीळ घालणाऱ्या बाई हयात आहेत, आत्ता ऐकताहेत. पुन्हा कधी हे गाणं कानावर पडलं, तर गाणाऱ्याबरोबर त्यांचीही आठवण काढा.