एकाच थानाचे दुपट्टे

अर्जुनी मोरगावच्या कोर्टाबाहेर सासू-सून बसल्या होत्या.

"मिलात चोरी झाली तिथं आपल्या रत्नपालचा खांद्यावरचा दुपट्टा सापडला म्हनतेत. अल्का, तुमच्या लग्नात तसेच, कापडाच्या एकाच थानाचे दुपट्टे साऱ्या पाव्हन्यायले देल्ले ना आपुन?"

"देल्ले. पन आपापला दुपट्टा घेऊन कोर्टात याले कोनी तयार नाही, मामीजी."

"बायबलातल्या योसेफावरबी त्याच्या झग्यावरूनच खोटा आळ आला होता. त्याच्यासाठी कोनी साक्ष देल्ली?"

"कोनीच नाही. पन जेलात देव त्याच्या संगं होता."

"अन् सुटला कधी?"

"बहुत वर्सानं."

"तेवढे वर्स मी नाही जगत, बाई."

"फाटकाकडे पाहा. केशोरीचे केवलराममामा येऊन राहिले."

"ते कायले आले?"

"त्यायच्या खांद्यावर पाहा, मामीजी."